सालई व तिचा धूप

सालईचे झाड आपल्या ओळखीचे आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके त्याच्या पायथ्याशी बसले आहेत. मधे पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि बोथ्याचा घाट. या दोन्हीकडच्या खडकाळ उतारांवर सालई उभी असते. जिथे माती थोडी आणि दगड फार, जिथे दुसरी झाडे टिकत नाहीत, तिथे ही खुशाल वाढते.

ओळखायची कशी? साल पाहावी. रंग राखाडी, थोडा हिरवट. सालीचे पातळ पापुद्रे निघतात, अगदी कागदासारखे. पाने दुरून कडुनिंबासारखी दिसतात. त्यांच्या कडांना दाते असतात आणि ती फांदीच्या टोकाला झुपक्याने येतात. हिवाळा सरता सरता पाने झडतात. मग उघड्या फांद्यांवर बारीक पांढरी फुले येतात. उन्हाळ्यात झाड वाळल्यासारखे दिसते. अनोळखी माणूस म्हणेल, "हे तर मेलं!" पण पावसाचे चार शिरवे पडले की तेच झाड हिरवेगार होते.

हत्तीला सालई फार आवडते. म्हणून संस्कृतात हिला गजभक्ष्या म्हणतात. गज म्हणजे हत्ती. वैद्यांच्या पुस्तकात हिचे नाव शल्लकी असे आहे. चरक आणि सुश्रुत या जुन्या वैद्यांच्या ग्रंथांतही शल्लकी आली आहे. नाव कोणतेही घ्या, झाड हेच.

या झाडाचा चीक म्हणजे सालईचा डिंक. कोणी त्याला धूप म्हणतो, कोणी लोबान म्हणतो. आपले आजे-पणजे तो निखाऱ्यावर टाकत आले. आज त्याच चिकापासून गुडघेदुखीच्या गोळ्या होतात. हा चीक आहे तरी काय, तो कोणत्या कामाला येतो, कोणत्या कामाला येत नाही, आणि झाड न मारता तो कसा घ्यावा, एवढे आपण या पाठात पाहू.

चीक म्हणजे झाडाची खपली

आपल्या अंगाला खरचटले तर रक्त येते. थोड्या वेळाने ते सुकते आणि वर खपली धरते. खपलीमुळे जखमेत घाण जात नाही. सालईचेही तसेच आहे. सालीला घाव बसला की आतून चीक येतो. तो घावावर पसरतो आणि वाळून कडक होतो. किडा-मुंगी आणि बुरशी आत जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती तजवीज आहे. झाड आपल्यासाठी चीक काढत नाही. स्वतःची जखम झाकायला काढते. ही गोष्ट मनात पक्की धरा. पुढे तिचे काम पडेल.

या चिकात तीन पदार्थ मिसळलेले असतात. एक डिंक, तो पाण्यात विरघळतो. दुसरी राळ, ती पाण्यात विरघळत नाही. तिसरे सुगंधी तेल, ते हवेत उडून जाते. तिन्हीत राळेचा वाटा सगळ्यांत मोठा.

घरच्या घरी एक परीक्षा करून पाहा. एका वाटीत बाभळीचा डिंक घाला, दुसऱ्या वाटीत सालईचा. दोन्हींत पाणी घालून ठेवा. बाभळीचा डिंक विरघळून जाईल. सालईच्या वाटीत पाणी दुधासारखे पांढरे होईल, पण चिकट खडे तळाशी तसेच राहतील. ती राळ. आता दोघांचा एक एक खडा निखाऱ्यावर टाका. बाभळीचा डिंक नुसता करपेल. सालईचा खडा वितळेल आणि गोड वासाचा धूर निघेल.

यातून एक कामाची गोष्ट कळते. लाडवात घालायचा डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा. सालईचा नव्हे. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करताना बाजारात डिंक विकत घेतला, तर आधी ही परीक्षा करावी. स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नये.

धूप, ऊद, लोबान, राळ आणि गुग्गुळ

बाजारात या नावांचा मोठा घोटाळा आहे. दुकानदार एक बोलतो, पुडीत दुसरेच असते. म्हणून नावे नीट समजून घेऊ.

राळ म्हणून जी मिळते ती बहुधा साल नावाच्या झाडाची. साल आणि सालई ही झाडे वेगळी. सालाची जंगले आपल्याकडे नाहीत. गुग्गुळ काटेरी झुडपापासून मिळतो. ते झुडूप राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या मुलखातले. ते आपल्या सालईच्या कुळातलेच. जंगलातले काकडाचे झाडही याच कुळातले.

ऊद सुमात्रा वगैरे दूरच्या बेटांवरून येतो. तो वेगळ्याच झाडाचा चीक आहे. उदबत्ती हा शब्द उदावरूनच पडला. लोबान हा शब्द अरबी. अरब लोक सालईच्या बहिणीच्या चिकाला लुबान म्हणतात. तो दुधासारखा पांढरट असतो म्हणून ते नाव. पुढे बेटांवरचा ऊदही त्याच नावाने विकला जाऊ लागला. म्हणून आज लोबान मागितले तर कधी सालईचा चीक मिळतो, कधी ऊद. देवळात धूप, दर्ग्यात लोबान, अशी नावे दोन आहेत. पण पुष्कळदा धूपाटण्यात आणि लोबानदाणीत पडतो तो आपल्या डोंगरातला एकच खडा.

सालईची ही बहीण कुठली? ती ओमान, येमेन आणि सोमालिया या देशांतली. तिच्या चिकाचा व्यापार फार जुना. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी मिसर देशात हॅटशेप्सुट नावाची राणी होती. तिने दूरच्या मुलखात जहाजे पाठवून धुपाची झाडे मुळांसकट आणवली. त्याची चित्रे तिच्या मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहेत. येशू ख्रिस्ताच्या जन्माच्या कथेत पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळाला तीन भेटी देतात. सोने, गंधरस आणि लोबान. सोन्याच्या जोडीला लोबान ठेवला आहे. त्या काळी त्याला किती मोल असेल ते पाहा!

लाकडाचा कागद

चिकाकडे वळण्याआधी लाकडाची गोष्ट सांगतो. सातपुड्याच्या पलीकडे, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगर आहे. तिथे भारतातला वृत्तपत्राच्या कागदाचा पहिला कारखाना उभा राहिला. १९५५ साली तिथे कागद निघू लागला. १९५६ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी तो कारखाना देशाला अर्पण केला.

हा कागद कशाचा होत असे? सालईच्या लाकडाचा आणि बांबूचा. सालईचे लाकूड मऊ. घर बांधायला ते टिकत नाही, म्हणून लोक त्याला हलके समजत. पण त्याचा लगदा चांगला होतो. त्या काळात कितीतरी गावांत चावडीवर जे वर्तमानपत्र वाचले गेले, त्याचा कागद सातपुड्यातल्या सालईचा होता. पुढे या कारखान्यात रद्दीपासून कागद होऊ लागला. खोकी आणि आगकाड्या यांसाठीही सालईचे लाकूड वापरले गेले.

लाकडासाठी झाड एकदाच तोडता येते. चिकासाठी ते पुष्कळ वर्षे उभे ठेवता येते. दोन्हींचा हिशेब निराळा आहे.

जुने उपयोग

आपल्याकडे धुपाचा वापर मुख्यतः तीन ठिकाणी. पूजेत, घर धुपवायला आणि बाळंतिणीच्या खोलीत. शिवाय वैद्य लोक संधिवात, सूज, जखम आणि हगवण यांवर शल्लकी वापरत आले. रंग आणि रोगण यांतही राळेचा उपयोग होतो.

नवे उपयोग

आज सालईच्या चिकातले तिन्ही पदार्थ वेगळे करतात. वाफेवर तेल काढतात. ते साबण आणि अत्तर यांत जाते. राळेपासून औषध होते.

या राळेत काही आम्ले असतात. त्यांना बॉस्वेलिक आम्ले म्हणतात. बॉस्वेलिया सेराटा हे सालईचे शास्त्रीय नाव, त्यावरून हे नाव आले. सेराटा म्हणजे दातेरी. पानांच्या कडांचे दाते पाहून ते दिले. सांधा दुखतो तेव्हा शरीरात सूज आणणारी काही द्रव्ये तयार होतात. ती तयार होण्याच्या कामात ही आम्ले आड येतात, असे प्रयोगशाळेत दिसले. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ काम केले. १९८० नंतरच्या दहा वर्षांत त्यातून औषधही बाजारात आले.

पण औषध खरेच गुण देते का? हे ठरवायचे कसे? कोणी म्हणतो, "मी गोळी घेतली अन् मले बरं वाटलं." पण दुखणे कधी आपोआपही कमी होते. म्हणून नागपूरच्या डॉक्टरांनी एक रीतसर परीक्षा घेतली. तिचे निकाल २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी गुडघेदुखीचे ३० रोगी घेतले. त्यांचे दोन गट केले. एका गटाला ८ आठवडे सालईच्या अर्काचे औषध दिले. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल दिली. कोणाला काय मिळते हे रोग्यालाही सांगितले नाही. मग गटांची अदलाबदल केली.

काय दिसले? औषध घेताना दुखणे कमी झाले, सूज उतरली, गुडघा जास्त वाकू लागला आणि माणसे जास्त चालू लागली. पण क्ष-किरणांच्या चित्रात सांध्यात फरक दिसला नाही. म्हणजे दुखण्याला आराम पडला, पण झिजलेले हाड भरून आले नाही. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. कोणी म्हणाला, "या औषधानं गुडघा नवा होते," तर विश्वास ठेवू नका.

चार गोष्टी सांभाळा

पहिली गोष्ट. जंगलातला कच्चा चीक कुटून पोटात घेऊ नये. परीक्षा झाली ती शुद्ध केलेल्या आणि मोजून दिलेल्या अर्काची. कच्च्या चिकात साल, माती, किडे काय असेल ते सांगता येत नाही. औषध किती पोटात गेले तेही कळत नाही.

दुसरी गोष्ट. धूर घेतल्याने किंवा वासाचे तेल चोळल्याने गोळीचा गुण येत नाही. ही आम्ले जड आहेत. वाफेवर तेल काढताना ती तेलात येत नाहीत, मागे राळेतच राहतात. तेलाचा वास चांगला, पण वास म्हणजे औषध नव्हे.

तिसरी गोष्ट. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. काहींना मळमळ होते, पोट बिघडते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आधी सांगावे. गरोदर बाईने आपल्या मनाने घेऊ नये. आता आपल्याला वाचता येते. डबीवर शल्लकी किंवा बॉस्वेलिया हे नाव पाहावे. किती मिलिग्रॅम ते पाहावे. मुदत कधी संपते ती तारीख पाहावी. मग पैसे द्यावे.

चौथी गोष्ट धुराची. पूजेला एक खडा जाळला, दार उघडे आहे, तर हरकत नाही. पण बाळंतिणीची खोली बंद, खिडकीला फडके लावलेले, आत शेगडी आणि वर धूप! हे फार धोक्याचे. धूर शेवटी धूरच. चुलीचा असो की धुपाचा, तो छातीत जातो. तान्ह्या बाळाची छाती नाजूक असते. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून एक विषारी वायूही निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुपाच्या वासात तर काहीच कळत नाही. माणूस झोपेतच दगावतो. म्हणून बाळाच्या खोलीत शेगडी आणि धूर नको. बाळाला उबदार कपड्यात गुंडाळा, आईच्या कुशीत ठेवा. आजीबाई रागावतील, "आमी नाही का वाढवली पोरं?" त्यांना समजावून सांगा. वास हवा तर धूप बाहेर ओसरीवर जाळा. दम्याच्या माणसालाही धुरापासून लांब ठेवा.

झाड कसे मरते

आता चीक काढण्याविषयी. हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि पुढचा पाऊस येईपर्यंत चालतो. जमिनीपासून टीचभर उंचीवर खोडाची साल पातळ तासतात. काही दिवसांनी चीक खरवडून घेतात. मग घावाची वरची कड थोडी ताजी करतात. पुन्हा चीक येतो. चांगल्या झाडापासून एका हंगामात सुमारे एक किलो चीक मिळतो. म्हणजे टोपलीभर चिकासाठी कितीतरी झाडे फिरावी लागतात. उन्हाचे, खडकाचे, चढणीचे काम. सातपुड्यातले आदिवासी भाऊ-बहिणी या कामात पिढ्यान् पिढ्या तरबेज आहेत.

ताजा चीक ओला आणि चिकट असतो. तो बांबूच्या टोपलीत ठेवतात. पातळ रस खाली निथळतो. राहिलेला भाग हळूहळू घट्ट होतो. मग फोडून, निवडून त्याची प्रत लावतात. स्वच्छ, सोनेरी, साल-माती नसलेला खडा सगळ्यांत भारी. काळपट आणि कचऱ्याचा माल सगळ्यांत हलका.

चूक कुठे होते? चीक लवकर आणि जास्त मिळावा म्हणून माणूस कुऱ्हाडीने खोल घाव घालतो. एका झाडावर चहूबाजूंनी घाव घालतो. बारक्या झाडालाही सोडत नाही. आधी काय सांगितले ते आठवा. चीक ही झाडाची खपली आहे. रोज खपली काढली तर जखम भरेल कशी? झाडाची ताकद चीक करण्यातच जाते. फुले कमी येतात, बी कमी धरते. घावातून भुंगेरे शिरतात. खोड पोकळ होते. एखाद्या वाऱ्यात झाड मोडून पडते.

परदेशात हे घडले आहे. इथिओपिया, सुदान आणि एरिट्रिया या देशांत सालईची दुसरी एक बहीण आहे. २०१९ साली शास्त्रज्ञांनी तिची पाहणी प्रसिद्ध केली. मोठी झाडे उभी होती, पण बहुतेक ठिकाणी त्यांच्याखाली तरुण झाड नव्हते. गुरे चरतात, वणवे लागतात, रोपे वाढत नाहीत. त्यांचा अंदाज असा की वीस वर्षांत तिथला चीक निम्म्यावर येईल. ज्या गावात नुसते म्हातारेच उरले, त्या गावाचे पुढे काय होणार? जंगलाचेही तसेच.

म्हणून हे नियम पाळावे. ३ फुटांपेक्षा कमी घेराच्या झाडाला हात लावू नये. कुऱ्हाड नको, धारदार पातळ हत्यार घ्यावे. साल तासावी, लाकडात घुसू नये. घाव थोडे घालावे. दोन-तीन वर्षे चीक घेतला की झाडाला काही वर्षे विसावा द्यावा. आपण वावर पड ठेवतो ना, तसेच. आणि मोहासाठी, गवतासाठी म्हणून जंगलात आग लावू नये. मोठी सालई वणव्यातून वाचते. तिचे वीतभर रोप वाचत नाही.

हक्क आणि हिशेब

२००६ साली वनहक्क कायदा झाला. जंगलावर पोट असणारे आदिवासी, आणि तीन पिढ्यांपासून तिथे राहून जंगलावर जगणारे इतर लोक, यांना डिंक, मोह, मध यांसारखी वनउपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क या कायद्याने मान्य केला. दावा आधी ग्रामसभेत करायचा असतो. पण अंबाबरवा आणि ज्ञानगंगा ही अभयारण्ये आहेत. तिथे हक्क मंजूर आहे का, परवानगी आहे का, हे आधी ग्रामसभेत आणि वनखात्याच्या कचेरीत विचारावे. न विचारता झाडाला घाव घालू नये.

विकताना काय करावे? चीक घरीच निवडावा. चांगला माल आणि हलका माल वेगळा ठेवावा. एकत्र दिला तर सगळ्याला हलक्याचाच भाव मिळतो. दोन ठिकाणी भाव विचारावा. चार घरे मिळून विकले तर भाव ठरवताना आपलेही बोलणे चालते. काटा स्वतः पाहावा. चिठ्ठीवर वजन किती, दर किती, रक्कम किती, हे वाचूनच अंगठ्याच्या जागी सही करावी. गोळ्यांच्या डबीला शहरात पैसे मोजतात. त्या डबीची सुरुवात आपल्या टोपलीपासून होते, हे विसरू नये.

फांदी लावा

सालईचे बी फार उगवत नाही. पण एक सोय आहे. तिची ओली फांदी जमिनीत रोवली तर मुळे धरते. पावसाळ्याच्या तोंडाशी मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची फांदी घ्यावी. खालचे टोक हातभर खोल गाडावे. भोवतीची माती घट्ट दाबावी. पाणी साचणारी जागा नको. बांधाचा मुरमाड कोपरा चालेल, खडकाळ माळ चालेल. जिथे ज्वारी येत नाही, कापूस येत नाही, तिथे सालई येते.

झाड मोठे व्हायला वर्षे लागतात. आज लावलेल्या फांदीचा चीक आपल्या पोरांना मिळेल. ज्यांच्या झाडांचा धूप आपण जाळतो, त्यांनीही पुढच्यांसाठी झाडे राखलीच होती. येत्या मृगाला गावातल्या प्रत्येक घराने एक फांदी लावावी. दोनशे घरांच्या गावात दोनशे फांद्या होतील. त्यातल्या निम्म्या जगल्या तरी शंभर झाडे झाली.